प्रत्येक सशाचं ताट वेगळं

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी सशांच्या कोपऱ्यात जाऊन लेंड्या बघते. तिघांचे ट्रे वेगवेगळे ठेवले आहेत ते त्याचसाठी. लेंड्या गोल, वाटाण्याएवढ्या, फिकट तपकिरी असतील आणि चुरल्यावर आत गवताचा भुसा दिसला, तर रात्रीचं खाणं नीट झालं. लहान, काळपट, कडक असतील तर गवत कमी पडलं. एखाद्या ट्रेमध्ये लेंड्याच नसतील, तर चहा राहतो बाजूला आणि आधी डॉक्टरांना फोन जातो.

नव्याने ससा घरी आणलेले लोक विचारतात, "ताई, सशाला काय काय चालतं?" मला मात्र आधी त्यांना तीन गोष्टी विचाराव्या लागतात. वय किती, वजन किती, लेंड्या कशा. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर बहुतेकांना देता येत नाही आणि तिसऱ्याने ते संकोचतात. पण चार महिन्यांच्या पिल्लाला जे द्यायचं ते चार वर्षांच्या सशाला दिलं तर तो आजारी पडतो. म्हणून चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या पदार्थांची यादी पाठ करण्याआधी आपला ससा नीट बघायला शिकलेलं बरं.

हे मला उशिरा कळलं. आमचा पहिला ससा कापूस. दुकानदाराने पिंजऱ्याबरोबर रंगीत दाण्यांची एक पिशवी दिली आणि सांगितलं, गाजर द्या, पोळी द्या, पाणी फार पाजू नका. आम्ही ते प्रेमाने पाळलं. कापूस पोळीच्या वासाने धावत यायचा, बिस्किटासाठी दोन पायांवर उभा राहायचा. चौथ्या वर्षी त्याची हनुवटी सतत ओली दिसायला लागली. खायला यायचा, तोंडात घ्यायचा आणि टाकून द्यायचा. डॉक्टरांनी भूल देऊन तोंड उघडलं तेव्हा दाढांच्या कडा वाढून जिभेत रुतल्या होत्या. तो त्यातून उठला नाही. त्याच्या पोटात चार वर्षांत मूठभर गवतही गेलं नव्हतं.

दात आणि पोट

सशाला 28 दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलीमीटर वाढतात. ते आणि मागच्या दाढा झिजतात त्या घासण्याने. गवताची लांब काडी खाताना सशाचा जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. पोळी, दाणे, बिस्किटं खाताना जबडा नुसता वरखाली होतो आणि दोन चाव्यांत घास संपतो. लाकडाचा तुकडा कुरतडायला दिला की दात झिजतात असं पुष्कळ जण मानतात. त्याने पुढचे दात थोडे झिजतील, दाढांपर्यंत मात्र काही पोचत नाही. कापसाच्या पिंजऱ्यात लाकडाचे तीन तुकडे होते.

पोटाचं काम तर आणखी वेगळं आहे. गवतातला लांब, न पचणारा तंतू आतड्यांना हलतं ठेवतो आणि त्याच्याच कोरड्या गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण मात्र मागे फिरून एका मोठ्या पिशवीत जातात. तिला सीकम म्हणतात. तिथे जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून द्राक्षांच्या छोट्या घडासारख्या मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या लेंड्या तयार होतात. ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. बघणाऱ्याला किळस येते, पण त्यातच त्याची बी जीवनसत्त्वं आणि बरीच प्रथिनं असतात. त्याला यापासून कधीही अडवू नका. या मऊ लेंड्या लादीवर पडून चिरडलेल्या दिसू लागल्या, मागचे पाय चिकट व्हायला लागले, तर एकतर खुराक आणि गोड जास्त होतंय किंवा सशाचं तोंड मागे पोचत नाहीये. लठ्ठपणामुळे असेल, सांधेदुखीमुळे असेल. पावसाळ्यात अशा चिकट जागेवर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून ही खूण बघून सोडून देऊ नका.

आणखी एक गोष्ट. सशाला उलटी करता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच सरकायला हवं. पिठूळ आणि गोड खाण्याने सीकममधल्या जिवाणूंचा तोल बिघडतो, वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात.

गवत, आणि कोणतं गवत

पूर्ण वाढलेल्या सशाच्या रोजच्या खाण्यात पाचातले चार वाटे गवत हवं. त्याच्या अंगाएवढा ढीग रोज ताजा घालायचा, उरलेला सकाळी काढून टाकायचा. मोजून द्यायचं नाही. रात्रीअपरात्रीसुद्धा समोर गवत असलं पाहिजे.

पुस्तकांत आणि दुकानांत नाव येतं ते टिमोथी गवताचं. ते थंड हवेतलं गवत, आपल्याकडे बाहेरून वाळवून येतं आणि महाग पडतं. परवडत असेल तर उत्तमच आहे. पण ते परवडत नाही म्हणून पोळीवर ससा वाढवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि तिथे मला वाईट वाटतं. आपल्या माळरानांवर मारवेल आहे, पवन्या आहे. पावसाळा संपता संपता कापून सावलीत नीट वाळवलेलं असं गवत सशाला छान चालतं. गाईम्हशींचा गोठा असलेल्या ओळखीच्या माणसाकडून, गोशाळेकडून किंवा चाऱ्याच्या वखारीतून एखादी पेंढी मिळवता येते. घेताना नाकाजवळ धरा. गोडसर वास आला पाहिजे. कुबट वास, काळे-पांढरे डाग, झटकल्यावर उडणारी धूळ, यातलं काही असेल तर ते गवत परत करा. पिवळंजर्द पडलेलं, नुसत्या काड्या उरलेलं गवतही फारसं कामाचं नाही.

हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, ओल्या आणि वाळलेल्या दोन्ही चालतात. गणपतीच्या दिवसांत बाजारात ढिगाने जुड्या येतात. मात्र त्या कुठून खुडल्या आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुवायच्या. ज्या मैदानावर कुत्री फिरतात, जिथे औषध फवारलंय, जे गवत रस्त्याच्या कडेला धुराखाली वाढलंय, ते घ्यायचं नाही. गवत कापण्याच्या यंत्रातून निघालेला चुराही नको. तो तासाभरात आंबायला लागतो.

कोकणात आणि मुंबईत सहज मिळतो तो भाताचा पेंढा. ट्रेमध्ये अंथरायला तो चांगला, सशाने त्यातल्या चार काड्या खाल्ल्या तरी हरकत नाही. पण पोषण त्यात फार कमी असतं, त्यामुळे त्याला गवताच्या जागी धरू नका. ज्वारीची कोवळी हिरवी धाटं तर अजिबात नकोत. ती खाऊन जनावरं दगावतात आणि शेतकरी त्याला किराळ लागणं म्हणतात. गाईबैलांना जे झेपत नाही ते दोन किलोच्या सशाला कसं झेपेल?

आता लसूणघास. देवळाबाहेर गाईला घालण्यासाठी हिरव्या पेंढ्या विकायला बसलेल्या बायका असतात, त्यांच्याकडे पुष्कळदा हीच असते. ससे ती चवीने खातात, ती सहज मिळते, दिसते गवतासारखी आणि नावातही घास. पण लसूणघास हे गवतच नाही, ते मेथीच्या कुळातलं द्विदल पीक आहे. गवताच्या मानाने तिच्यात प्रथिनं पुष्कळ जास्त आणि कॅल्शियम तर कितीतरी पट. वाढत्या पिल्लाला आणि दूध पाजणाऱ्या मादीला हे हवंच असतं. मोठ्या सशाला मात्र ते बाधतं. सशाचं शरीर खाण्यातलं कॅल्शियम गरज असो-नसो जवळजवळ सगळं शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतं. त्यामुळे त्याची लघवी थोडी गढूळ असणं साहजिक आहे, पण टूथपेस्टसारखा पांढरा घट्ट गाळ लादीवर दिसला तर लसूणघास लगेच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. मूत्राशयात खडे होण्याची ती सुरुवात असू शकते. (लघवी कधी केशरी, कधी लालसर दिसते. ती बहुतेक वेळा खाल्लेल्या पाल्याच्या रंगाने असते. पण ससा कुंथत असेल तर तपासून घ्यायलाच हवं.)

खुराकाच्या गोळ्या

पेलेट म्हणजे दाबून केलेल्या खुराकाच्या गोळ्या. बहुतेक घरांत वाटी भरून ठेवतात आणि ती रिकामी झाली की पुन्हा भरतात. तिथेच लठ्ठपणा सुरू होतो. किलोभर वजनामागे दिवसाला 25 ग्रॅम ही वरची मर्यादा समजा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या सशाला माझ्या अनुभवात त्याच्या निम्मं पुरतं, आणि गवत भरपूर खाणाऱ्या काही सशांना त्याहूनही कमी. म्हणजे दोन किलोच्या सशाला सकाळ-संध्याकाळ मिळून 25 ग्रॅमच्या आसपास. एकदा वजनकाट्यावर मोजून बघा, ते किती थोडं दिसतं ते कळेल.

घेताना पाकिटावरचा तक्ता वाचायचा. मोठ्या सशासाठी तंतूचं प्रमाण 18 टक्क्यांच्या वर आणि प्रथिनं 12 ते 14 टक्के असलेला खुराक बघा. सुटा मिळणारा स्वस्त खुराक पुष्कळदा ससेपालनाच्या शेडसाठी केलेला असतो. तिथे प्राण्याचं वजन थोड्या महिन्यांत वाढवायचं असतं. आपल्याला आपला ससा दहा वर्षं जगवायचा आहे, तेव्हा तो खुराक आपल्यासाठी नाही.

दाणे, सूर्यफुलाच्या बिया, मका आणि रंगीत चकत्या मिसळलेलं जे मिश्रण मिळतं ते घेऊच नका. कापसाला आम्ही हेच देत होतो. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 32 डच जातीच्या सशांना वेगवेगळ्या गटांत 17 महिने वेगवेगळा आहार देऊन पाहिला. मिश्रण मिळालेल्या सशांनी त्यातलं आवडीचं तेवढं वेचून खाल्लं. गवत समोर असूनही त्यांनी ते कमी खाल्लं, त्यांची वजनं वाढली आणि दातांत बिघाड दिसला. वेचून खाणं ही सशाची उपजत सवय आहे. रानात ती त्याला कोवळी पानं शोधून देते, वाटीत मात्र तीच त्याला पिष्ट आणि साखरेकडे नेते.

पाला

हा भाग सगळ्यांना सोपा वाटतो, कारण भाजीबाजार आपल्या परिचयाचा. कोथिंबीर, पुदिना, शेपू, गाजराचा पाला, मुळ्याचा पाला, तुळस, हिरवं लेट्यूस हे रोजच्या आलटून पालटून देण्यातलं. किलोभर वजनामागे एक मोठी वाटी सैलसर पाला पुरे, आणि एका वेळी एकाच प्रकारचा न देता दोन-तीन प्रकार मिसळून. मेथी, शेवग्याचा पाला थोडा थोडा, कारण त्यांत कॅल्शियम बरंच. पालक, राजगिरा, बीटाचा पाला यांत ऑक्झलेट असतात, ते आठवड्यातून एखाद्या वेळी चार पानं. फ्लॉवर आणि कोबीच्या पानांनी काही सशांना वायू धरतो, काहींना काहीच होत नाही. आमच्या तिघांत एकालाच कोबी सोसत नाही, आणि हे मला त्याच्याकडूनच कळलं. दारात जास्वंद असेल तर त्याची पानं आणि फुलं द्या. तुतीची पानं मिळाली तर फारच छान.

भाजीवाल्याकडे गाजर-मुळ्याचा पाला कापून टाकलेला पडलेला असतो. सांगून ठेवलं तर तो आपल्यासाठी बाजूला ठेवतो. पालेभाज्यांवर फवारणी झालेली असते, म्हणून पाला पाण्यात बुडवून ठेवायचा, मग वाहत्या पाण्याखाली धुवायचा. ओला पाला दिला की जुलाब होतात हा समज खोटा आहे. पाला कधीच न खाल्लेल्या सशाला एकदम टोपलीभर दिला की जुलाब होतात. नवीन पान आणलं तर आज एक-दोनच द्या, उद्याच्या लेंड्या बघा, मग वाढवा.

कांदा, लसूण, कांद्याची पात, बटाट्याचे कोंब आणि पाला, टोमॅटोचा पाला, अळू, अॅव्होकॅडो, कच्चे राजमे, चॉकलेट हे कधीही नाही. घरातला ससा मोकळा फिरत असेल तर कुंड्यांकडेही बघा. मनीप्लांट, डायफेनबेकिया, कण्हेर, घाणेरी, एरंड, रुई, धोतरा हे त्याच्या तोंडापासून दूर हवेत.

राहिलं गाजर. गाजराचं मूळ गोड असतं आणि सशाला मिठाई म्हणूनच द्यायचं. सफरचंद, केळं, पपई, पेरू, सगळ्यांना हाच नियम. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, आठवड्यातून एक-दोनदा, आणि तोही हातातून. त्याचा एक फायदा असा की आवडीचा तुकडा ज्या दिवशी ससा नाकारेल त्या दिवशी तो आजारी आहे हे तुम्हाला लगेच कळेल. पोळी, भात, भाकरी, पाव, बिस्किट, चणे, शेंगदाणे, दूध, दही हे सशाचं अन्न नव्हे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना हे प्रेमाने समजावून सांगा. दारी आलेल्याला घास द्यायची आपली रीत आहे, पण सशाचा घास गवताचा.

आमच्या घरातली तीन ताटं

ढब्बू पांढरा, लाल डोळ्यांचा, पाच वर्षांचा नर, नसबंदी झालेला. आमच्याकडे आला तेव्हा 4.6 किलो होता आणि हात फिरवला तर फासळ्या लागत नव्हत्या. जाड पदराखालच्या बांगड्या हाताला जशा लागतात तशा सशाच्या फासळ्या अलगद लागल्या पाहिजेत. टोचत असतील तर तो रोड आहे, शोधाव्या लागत असतील तर लठ्ठ. ढब्बूचा खुराक आम्ही एकदम तोडला नाही. लठ्ठ सशाला उपाशी ठेवलं तर त्याचं यकृत बिघडतं. दर आठवड्याला थोडा थोडा कमी करत अडीच महिन्यांत तो 30 ग्रॅमवर आणला. फळ पूर्ण बंद. गवत पिंजऱ्यात ठेवायचं सोडून खोलीत चार ठिकाणी खोक्यांत कोंबून ठेवलं, म्हणजे खायला त्याला चालावं लागतं. खुराकाच्या गोळ्या वाटीत न देता गवतात विखरून टाकते. आज तो 3.9 किलो आहे आणि स्वतःची पाठ स्वतः चाटू शकतो.

चिंगी चार महिन्यांची, 900 ग्रॅम. तिच्यापुढे साधं गवत असतंच, शिवाय लसूणघास आणि वाढीच्या वयाचा खुराक हवा तितका. हाडं आणि स्नायू वाढायचं हे वय आहे, त्यात हात आखडता घेऊ नये. पाचव्या महिन्यापासून लसूणघास कमी करत न्यायची आणि सातवा महिना सरेपर्यंत थांबवायची, खुराकही त्याच काळात मोजूनमापून करायचा. पाला तिला एका वेळी एकच नवा. बाजारात महिन्याभराची, कधी त्याहूनही लहान पिल्लं विकायला ठेवतात. त्यांचं आईचं दूध नुकतंच सुटलेलं असतं आणि पोट फार नाजूक असतं. असं पिल्लू घरी आलंच, तर ते जे खात होतं तेच काही दिवस चालू ठेवा, गवत भरपूर द्या, पाल्याची घाई करू नका आणि जुलाब दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माई नऊ वर्षांची. कमरेत धरल्यासारखी चालते. तिच्या एका दाढेचा त्रास आहे, दर काही महिन्यांनी घासून घ्यावी लागते. तिचं वजन 1.8 किलोवरून 1.6 वर उतरलं तेव्हा ढब्बूचे नियम तिला लावणं चुकीचं ठरलं असतं. तिला मी मऊ, कोवळं, पानं जास्त असलेलं गवत निवडून देते, दिवसातून दोनदा खुराक कोमट पाण्यात भिजवून देते, आणि पाला बारीक चिरून. पाण्याचं भांडं आणि गवत तिच्या झोपायच्या जागेपासून हातभर अंतरावर. तिच्या मूत्रपिंडांची तपासणी झालेली आहे, त्यानुसार डॉक्टरांनी कॅल्शियमचं पथ्य सांगितलंय. म्हाताऱ्या सशाचं ताट डॉक्टरांना विचारूनच मांडावं.

तिघं एकत्र फिरतात, पण खुराकाच्या वेळी मी दहा मिनिटं दारं लावून घेते. नाहीतर माईचं सगळं ढब्बू खातो. दोन ससे असणाऱ्या घरात एक लठ्ठ आणि एक रोड दिसला तर आधी हेच बघा.

मादी गाभण असेल तर गर्भकाळ जेमतेम 31 दिवसांचा असतो. शेवटच्या आठवड्यापासून आणि दूध पाजत असेपर्यंत तिला चिंगीसारखंच सढळ हाताने द्यायचं. पिल्लांना ती दिवसातून बहुधा एकदाच, काही मिनिटं पाजते. ती पिल्लांजवळ दिसत नाही म्हणून घाबरून वरचं दूध सुरू करू नका.

तिघांचं वजन दर रविवारी होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर परडी ठेवायची, त्यात ससा, आकडा वहीत. दोन किलोच्या सशाचं शंभर ग्रॅम उतरणं आपल्या नजरेला दिसत नाही, वहीत दिसतं.

पाणी आणि ऋतू

सशाला पाणी पाजू नये असं अजूनही सांगितलं जातं. ते साफ चूक आहे. किलोमागे दिवसाला 50 ते 100 मिलीलीटर पाणी त्याला लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. उलटी टांगलेली बाटली चालते, पण जड, पसरट भांड्यातून ससे जास्त पितात. पाणी कमी पडलं की आतड्यातलं गवत सुकून घट्ट होतं आणि लघवीतला गाळ साचतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ससा दुपारी जवळजवळ काहीच खात नाही. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो, कारण घाम येऊन अंग गार करण्याची सोय त्याच्याकडे नाही. म्हणून खाणं पहाटे आणि रात्री उशिरा द्यायचं, पाला जरा वाढवायचा आणि तोही पाणी निथळत असताना. मुंबई-कोकण-गोव्याकडच्या मंडळींची अडचण पावसाळ्यातली. जून ते सप्टेंबर गवताला बुरशी धरते. महिन्याभराचंच घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, हवा खेळेल अशा कापडी पिशवीत जमिनीपासून उंच टांगा. एका बाजूला बुरशी दिसली तर तेवढंच काढून उरलेलं वापरायचा मोह टाळा.

केस गळायच्या दिवसांत ससा पुष्कळ केस गिळतो. केसांनीच पोट बंद पडतं असा समज आहे. पोट गवताने हलतं राहिलं तर केस आपसूक बाहेर पडतात. त्या दिवसांत रोज विंचरा आणि गवत कमी पडू देऊ नका.

बदल करायचा असेल तर

हा लेख वाचून उद्याच सगळं बदलू नका. पोळी-बिस्किटं आजपासून थांबवायला हरकत नाही, पण जुना खुराक नव्याने बदलताना 10 ते 14 दिवस घ्या. आधी तीन वाटे जुना, एक नवा, मग हळूहळू उलट. जन्मात गवत न खाल्लेला ससा पहिल्या दिवशी त्याकडे पाठ फिरवेल. त्यात थोडा पुदिना, कोथिंबिरीच्या काड्या मिसळा, दोन-तीन प्रकारची गवतं समोर ठेवा, गवताचा ढीग त्याच्या ट्रेला लागून ठेवा. ससे लघवी-लेंड्या टाकताना चरतात. "भूक लागली की खाईल झक मारून" हे इथे लागू पडत नाही. सशाची भूक मेली की पोट थांबतं.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा. सगळे पशुवैद्य ससे बघत नाहीत, कुणी गुरांचे असतात, कुणी फक्त कुत्र्या-मांजरांचे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळच्या ठिकाणी चौकशी केली तर सशांचा अनुभव असलेले डॉक्टर कळू शकतात. घरातलं माणसांचं औषध सशाला देऊ नका. अॅमॉक्सिसिलीनसारखं साधं वाटणारं प्रतिजैविक तोंडावाटे गेलं तर त्याच्या सीकममधले उपयोगी जिवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकतं. सिरिंजने भिजवलेला खुराक भरवणं पुष्कळ सशांना वाचवतं, पण पोट फुगून टणक झालं असेल तर तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

ससा कोपऱ्यात अंग चोरून बसलाय, दात करकरतोय, आवडीच्या तुकड्यालाही तोंड लावत नाहीये, ट्रे कोरडा आहे, तर घड्याळ बघा. त्याने शेवटचं कधी खाल्लं ते आठवा. 12 तास होत आले असतील तर रात्रीचे किती वाजलेत हे न बघता त्याला घेऊन निघा.